चाचणी हाती आली, पाठपुराव्याचे काय?

खास प्रतिनिधी

परभणी - एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात बसवून हवे ते प्रथिन तयार करून घेण्याचे तंत्र परभणीच्या कापूस उत्पादकाला अपरिचित नाही. मातीतील जिवाणूचे जनुक बसविलेल्या बीटी कापसाला देशात २००२ मध्ये मंजुरी मिळाली आणि मराठवाड्याच्या शिवारांत तो पसरला. रक्तपेढीत हिपॅटायटिस सीची तपासणी ज्या प्रथिनांच्या आधारे होते, तीही याच तंत्राची देणगी आहे.

हा विषाणू वर्षानुवर्षे मुकाट्याने यकृत पोखरतो. अनेकांना कावीळही होत नाही. त्रास जाणवू लागतो तोवर बऱ्याचदा यकृत कायमचे निकामी होऊ लागलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी, तर भारतात सुमारे ५५ लाख लोकांना ही लागण होती. त्यावर लस अद्याप नाही. म्हणूनच वेळेवर होणाऱ्या चाचणीला महत्त्व आहे.

मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील कायरॉन कंपनीत हा विषाणू शोधला, तो त्याचा जनुकीय तुकडा पकडून. प्रयोगशाळेत तो वाढविणे २००५ पर्यंत साधलेच नाही. विषाणूच हाती नसताना चाचणी कशी करायची, या प्रश्नाचे उत्तर जनुकाच्या तुकड्यानेच दिले. तो यीस्टमध्ये घालून विषाणूचे एक प्रथिन तयार करण्यात आले. लागण झालेल्याच्या रक्तातील प्रतिपिंडे या प्रथिनाला चिकटतात आणि लागण उघड होते. पुढील संचांत विषाणूची आणखी प्रथिने समाविष्ट झाल्यावर निदान अधिक लवकर होऊ लागले. हॉटन यांना २०२० मध्ये हार्वे ऑल्टर व चार्ल्स राइस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतापुढे आणखी एक अडचण होती. आरंभी अभ्यासला गेलेला विषाणू पहिल्या जनुकीय प्रकाराचा होता. आपल्याकडे तिसऱ्या प्रकाराचे प्रमाण अधिक आहे. नवी दिल्लीतील आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्राच्या संशोधकांनी विषाणूच्या प्रथिनांतील फारसे न बदलणारे भाग एकत्र जोडले आणि जिवाणूमार्फत एकच संयुक्त प्रथिन तयार केले. त्यांचा शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी २००१ मध्येच देशातील रक्तपेढ्यांना ही तपासणी बंधनकारक झाली होती.

औषधांच्या शोधालाही या प्रथिनांचा हातभार लागला. त्यांची रचना उलगडल्याने विषाणूच्या नेमक्या मर्मावर घाव घालणे शक्य झाले. २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या सोफोस्बुविरच्या एका गोळीची किंमत तेथे हजार डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना उत्पादनाचा परवाना मिळाला आणि औषध आवाक्यात आले. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व उपचार मोफत आहेत. साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी दहापैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात.

असे असतानाही रुग्ण निसटतो, तो पहिल्या चाचणीनंतर. प्रतिपिंडे आजार बरा झाल्यावरही रक्तात राहतात. त्यामुळे विषाणू अद्याप शरीरात आहे का, हे ठरविण्यासाठी त्याच्या जनुकीय द्रव्याची दुसरी चाचणी लागते. त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागली, तर रोजंदारीवरचा माणूस मजुरी बुडवून कितीदा जाणार? प्रवास रक्ताच्या नमुन्याने करावा, रुग्णाने नव्हे. क्षयरोगासाठी सरकारी केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या, भारतात विकसित झालेल्या ट्रूनॅट यंत्रावर ही चाचणी होऊ शकते. त्या यंत्रांचा दुहेरी उपयोग करून घेणे हा खर्चाचा नव्हे, नियोजनाचा प्रश्न आहे.

रक्तपेढीचे कर्तव्यही दूषित पिशवी नष्ट करून संपत नाही. त्या रक्तदात्याला गोपनीयता राखून कळविणे आणि उपचार केंद्रापर्यंत पोहोचविणे, हा त्याचाच पुढचा भाग होय. डायलिसिसवरील तसेच २००१ पूर्वी रक्त घेतलेल्या रुग्णांनी स्वतःहून तपासणी करून घ्यावी. २०३० पर्यंत हा आजार आटोक्यात आणण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. प्रथिन, यंत्र आणि गोळी या तिन्ही गोष्टी आज उपलब्ध आहेत. त्यांना जोडणारा दुवा जिल्हा पातळीवर तयार झाला नाही, तर हे उद्दिष्ट कागदावरच राहील.