थकबाकी : येणे आणि देणे

‘थकबाकी’ या शब्दाला आपल्या प्राध्यापकवर्गाच्या बोलण्यात एकच दिशा आहे, ती म्हणजे आपल्याकडे येण्याची. २०१३ साली एम्फुक्टोने पुकारलेला परीक्षाकामावरील बहिष्कार सुमारे तीन महिने चालला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. तेव्हा हा शब्द सभांतून, पत्रकांतून, मोर्चांतून उच्चरवाने गाजला. त्यात संकोच नव्हता आणि तो असण्याचे कारणही नव्हते. मात्र हाच शब्द प्राप्तिकर खात्याच्या पत्रात अवतरतो तेव्हा त्याची दिशा उलटते आणि आपला आवाज बसतो. चेंबूर-घाटकोपर परिसरातल्या महाविद्यालयांत शिकवताना पहिल्या थकबाकीची चर्चा आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. दुसरीविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. हे मौन केवळ खाजगी संकोचाचे नसून त्यात भाषेचाही वाटा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

वस्तुतः या दोन थकबाक्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. वेतन आयोगाची साठलेली रक्कम एका वर्षात हाती पडली की त्या वर्षीचे उत्पन्न फुगते आणि कराचा टप्पा चढतो. हा अन्याय टाळण्यासाठी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने कलम ८९ खाली सवलत दिली होती. ती रक्कम ज्या त्या वर्षाची धरून हिशेब करता येई. पण त्यासाठी १०-ई हा स्वतंत्र अर्ज ठरला होता. तो न भरता केवळ विवरणपत्रात सवलत मागितली, तर ती नाकारली जाऊन कराची मागणी निघे. म्हणजे येणे असलेली थकबाकी नीट वाचली नाही, तर तिच्याच पोटी देणे असलेली थकबाकी जन्माला येते.

दुसरा शब्द ‘मानधन’. व्याख्यान, परीक्षण, उत्तरपत्रिका-तपासणी, दिवाळी अंकातील लेख या साऱ्यांच्या मोबदल्याला आपण हे नाव दिले. नाव सुंदर आहे. पण त्यातल्या ‘माना’मुळे ‘धन’ दिसेनासे होते. कायद्याला मात्र त्यातले धन तेवढे दिसते. देणारी संस्था टीडीएस कापतेच असे नाही. कापला तरी तो बहुधा दहा टक्के, आणि घेणाऱ्याचा वरचा टप्पा कदाचित तीस टक्क्यांचा. उरलेला फरक कोणी भरायचा? २०२१ पासून पोर्टलवर मिळणाऱ्या वार्षिक माहिती विवरणात अशा अनेक रकमा नोंदलेल्या असतात. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये वा अधिक निघत असेल, तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना आगाऊ भरायचा असतो. हे पाळले तर थकबाकी सहसा होतच नाही.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. सकाळी चेंबूर, दुपारी मुलुंड अशी धावपळ करूनही त्यांचे उत्पन्न करपात्र ठरत नाही. तरीही जिथे कर कापला जातो तिथे, विवरणपत्र न भरल्यामुळे तो परत मिळत नाही. इथे सरकारच त्यांचे देणेकरी असते आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

मराठी साहित्याला कर्ज ठाऊक आहे ते सावकाराच्या वहीतले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. ज्याला रोखा वाचता येत नव्हता त्याने तो जाळला. कर्जदाराची ती लाज आणि ती भीती आपल्या संवेदनेत मुरली आहे. परंतु प्राप्तिकराची नोटीस हा सावकाराचा रोखा नव्हे. तो एक दावा आहे, आणि दाव्याला उत्तर देता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने जुन्या, लहान मागण्या स्वतःहून मागे घेतल्या. २००९-१० पर्यंतच्या वर्षांसाठी २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ साठी १०,००० रुपयांपर्यंतच्या त्या नोंदी होत्या. काही तर १९६२ पर्यंत मागे जाणाऱ्या. त्यांपैकी अनेक पडताळलेल्या नव्हत्या, हे अर्थसंकल्पी भाषणातच मान्य केले गेले. तुकोबांनी खते इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते. तीही इतरांकडून येणे असलेल्या रकमांची होती.

म्हणून पाकीट उघडावे, पोर्टल पाहावे. मागणीची रक्कम भरण्यास साधारणतः ३० दिवस असतात. त्यानंतर दरमहा एक टक्का व्याज चढते. मागणी चुकीची असेल तर पोर्टलवर असहमती नोंदवता येते, दुरुस्ती मागता येते, ३० दिवसांत अपील करता येते. बरोबर असेल आणि एकदम भरणे अशक्य असेल, तर निर्धारण अधिकाऱ्याकडे हप्ते मागता येतात. मौनाला मात्र कायद्यात कोणतीही सवलत नाही.

यात करचुकवेगिरीचे समर्थन नाही. सहाव्या वेतन आयोगाच्या १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातील वाढीव खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्राने उचलायचा होता. त्यासाठीच तर राज्याकडे व केंद्राकडे बोट दाखवत आपण भांडलो. ज्या तिजोरीकडे आपण हक्काने हात पसरतो तिचे देणे लपवणे हे त्या हक्कालाच उणेपणा आणणारे आहे. संघटनांनी येण्याच्या थकबाकीसाठी जशा सभा घेतल्या, तशी वर्षातून एक सभा देण्याच्या थकबाकीसाठीही घ्यावी आणि तिला तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना आवर्जून बोलवावे. संहिता ओळीओळीने वाचायला शिकवणे हा आपला व्यवसाय आहे. खात्याचे दोन पानी पत्र त्याला अपवाद ठरू नये.