त्वचेला ओलावा हवा, उजळपणा नको



मार्च सरला की आपल्या छत्रपती संभाजीनगरात पत्र्याची आणि स्लॅबची घरे रात्री अकरालाही भट्टीसारखी तापलेली असतात. गेल्या काही वर्षांत भीमनगर, उस्मानपुरा, मुकुंदवाडी अशा वस्त्यांतही हप्त्यावर घेतलेला एसी दिसू लागला आहे. काही जण याला चैन म्हणतात. आम्ही म्हणत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला रात्रीची शांत झोप मिळणे ही आरोग्याचीच गरज आहे.

पण एसी आला की थोड्याच दिवसांत एक तक्रार आमच्या कानावर येते. सकाळी चेहरा ताणल्यासारखा वाटतो, ओठ फुटतात, पायांच्या नडग्यांवर पांढुरकी खपली दिसते, रात्री खाज सुटते. तक्रार साधी आहे, पण तिच्यावर जे उपाय केले जातात ते साधे नाहीत. म्हणून हा विषय.

आधी कारण समजून घेऊ. एसी हवा थंड करतो तशी ती कोरडीही करतो. आतल्या थंडगार नळ्यांवर हवेतली वाफ जमते आणि पाइपातून थेंबथेंब बाहेर पडते. बाहेर ठेवलेली बादली सकाळपर्यंत भरते, ते पाणी आपल्याच खोलीतल्या हवेतले असते. मराठवाड्याची उन्हाळी हवा मुळात कोरडी, त्यात बंद खोलीत सात-आठ तास एसी चालला की त्वचेतले पाणीही उडू लागते. त्वचेच्या वरच्या थरातला स्निग्धपणा हे पाणी धरून ठेवतो. वय वाढले की तो कमी होतो. कडक पाण्याची आंघोळ, जास्त साबण आणि बोअरचे जड पाणी यांनीही तो धुऊन जातो. म्हणजे दोष त्वचेच्या जातीचा नाही आणि रंगाचाही नाही. फक्त पाणी कमी पडले आहे.

इथेच बाजार मध्ये येतो. सावळी त्वचा कोरडी पडली की तिच्यावर राखेसारखी छटा दिसते. मग आरशासमोर उभ्या मुलीला वाटते, आपण आणखी काळ्या पडलो. ती मेडिकलवर जाऊन ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हणते आणि हातात एक छोटी ट्यूब पडते. आठवड्यात चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारू लागतात आणि तीच ट्यूब घरातल्या चौघी वापरतात. त्या ट्यूबवर बारीक अक्षरांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. ठरावीक आजारांत, ठरावीक दिवसांसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने ते उपयोगी औषध आहे. पण महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळले तर त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ आणि केस येतात, आणि बंद करताच चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची आहेत. नियम आहे, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार आणि नाव वाचून घेणारे गिऱ्हाईक, दोन्ही हवेत. जी बहीण असे मलम बरेच दिवस लावत असेल तिने ते मनाने एकदम न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आम्हाला जास्त टोचते ते वेगळेच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण जन्मावरून माणसाची प्रत ठरवणारी व्यवस्था नाकारली. तरी आपल्या मुलामुलींच्या लग्नाच्या बायोडाटांत ‘वर्ण : गोरा’, ‘वर्ण : निमगोरा’ ही ओळ अजून दिसते. शब्दही कोणता, तर वर्ण! ज्या घरात ही ओळ लिहिली जाते, त्या घरातली सावळी मुलगी कोरड्या गालावर साधे तेल लावणार नाही, ती उजळवणारी ट्यूबच शोधणार. २०२० मध्ये गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातला ‘फेअर’ शब्द काढून टाकला. आपण बायोडाटातली एक ओळ काढू शकत नाही का?

आता उपाय. यातले बहुतेक घरात आहेत.

एसी १८ वर न ठेवता २६ च्या आसपास ठेवावा आणि सोबत पंखा हळू चालवावा. २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरू होताना मुळातच २४ अंशांवर येतात. वाऱ्याचा झोत थेट तोंडावर, बाळावर किंवा म्हाताऱ्या माणसावर नको. खोली गार झाल्यावर बंद होईल असा टायमर लावला तर बिलही वाचते. खोलीत पातेलेभर पाणी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, कारण तीही वाफ एसी ओढून घेतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उलट हवेत ओलावा सोडतो, म्हणून कूलर असलेल्या घराने कमीपणा मानू नये. मात्र नळाला पाणी अनेक दिवसांनी येते म्हणून तेच पाणी कूलरमध्ये साठू देऊ नका. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील. एसीच्या बादलीतले पाणी फरशी पुसायला आणि संडासात टाकायला वापरा, प्यायला नको.

आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात करावी. साबण काखेत, जांघेत, पायांना पुरे, अंगभर रोज घासायची गरज नाही. अंग टिपून घ्यावे आणि ते ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांत, खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी. वेळेला महत्त्व आहे, कारण स्निग्ध पदार्थ पाणी तयार करत नाही, असलेले पाणी अडवून ठेवतो. झोपताना हात, नडग्या आणि टाचा ओल्या हाताने पुसून पुन्हा लावावे. ग्लिसरीन लावायचे तर पाणी मिसळून. चेहऱ्याला लिंबू चोळू नये. मोहरीचे तेल लहान बाळांच्या कोरड्या, खाजऱ्या त्वचेला नको. तेलाचे डाग पडलेली चादर किंवा कपडे वंदनेच्या मेणबत्तीजवळ नेऊ नका, ते चटकन पेट घेतात.

मधुमेह असलेल्यांनी टाचांच्या भेगा क्षुल्लक समजू नयेत. पायाची संवेदना कमी झालेली असते, भेगेतून जंतू शिरतात आणि जखम चिघळेपर्यंत कळत नाही. रोज रात्री तळपाय पाहावेत, तेल लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये, तिथे ओल राहून बुरशी होते.

सगळेच एसीवर ढकलू नका. रात्री घरातल्या दोघा-तिघांना एकदम खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती पुरळ असेल, तर ती खरूज असू शकते. मग औषध साऱ्या घराने एकाच वेळी घ्यावे लागते. एखादा चट्टा कोरडा आहे, तिथे घाम येत नाही, टोचलेले कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. तो बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. लाज वाटून क्रीमखाली चट्टा झाकला तर नसांचे नुकसान वाढत जाते. आपल्या घाटीत त्वचारोग विभाग आहे, तिथे जावे.

शेवटी, जे एसीत स्वतःहून झोपत नाहीत त्यांच्याविषयी. एटीएमचा रखवालदार, वॉर्डातल्या परिचारिका आणि मावश्या रात्रभर दुसऱ्याने ठरवलेल्या थंडीत राहतात, वर दर तासाला हात धुतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामाच्या जागी मजुराच्या शरीराची काळजी घेणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे आपल्याला त्यांनी शिकवले. हात धुण्याच्या साबणाशेजारी हातांना लावायच्या मलमाचा डबाही असावा आणि झोताखालची खुर्ची हलवावी, एवढी मागणी संघटनांनी करायला हवी.

भगवान बुद्धांनी आनंदांना सोबत घेऊन आजारी भिक्खूला स्वतः धुऊन स्वच्छ केले होते. घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल तर आज रात्री त्यांच्या पाठीला, कोपरांना, टाचांना हलक्या हाताने तेल लावा. त्यांना स्वतःला ते लावता येत नाही आणि कोरड्या त्वचेवर जखम लवकर होते.