नातवंडांबरोबरचा प्रवास : काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

मे महिन्याच्या आरंभी दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. मुलगा-सून नोकरीत अडकलेले असतात, पाळणाघराला सुट्टी असते आणि दोन-तीन वर्षांच्या नातवंडाला घेऊन गावी जाण्याची जबाबदारी आजी-आजोबांवर येते. रक्तदाब मोजून झाला की उठता उठता ते विचारतात, "बाळासाठी बरोबर काय काय विकत घ्यावे?" या प्रश्नातील 'विकत' हा शब्द मला खटकतो. बहुतेक घरांत तोवर यादीही तयार झालेली असते : डायपरचा मोठा गठ्ठा, वेट वाइप्सची पाकिटे, फळांच्या रसाचे खोके, दहा-दहा रुपयांच्या बिस्किटांचे पुडे, बाटलीबंद पाणी आणि केवळ या प्रवासासाठी घेतलेले प्लास्टिकचे नवे डबे. परतीच्या वाटेपर्यंत यातील निम्मा माल कचऱ्यात गेलेला असतो आणि उरलेला निम्मा आजींच्या पोटात. हे वाक्य मी विनोदाने लिहिलेले नाही. त्याकडे शेवटी येतो.

कचरा न करता प्रवास कसा करावा, हे आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीला कोणी शिकवण्याची गरज नाही. फिरकीचा तांब्या, पितळी डबा, जुन्या साडीची शिवलेली पिशवी आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या एवढ्या सामानावर या पिढीने लहानपणी पंढरपूरपासून मुंबईपर्यंतचे प्रवास केले आहेत. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, दात न आलेल्या आणि दात पडलेल्या अशा दोघांनाही ती चालते. राजगिऱ्याचा लाडू, मेतकूट, नाचणीचे सत्त्व, सातूचे पीठ ही सारी प्रवासाची खरी शिदोरी होय. फळांमध्ये केळ्याला तोड नाही. त्याचे वेष्टन निसर्गानेच केलेले असते आणि सोलण्याआधी ते धुवावेही लागत नाही.

घरचे म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लोणावळ्याहून आणलेली चिक्की हे पदार्थ साधारण पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत. या वयात चावण्याचे दात पुरेसे नसतात. गाडीला गचका बसला, मूल हसले वा रडले, तर दाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. धावत्या गाडीत असा प्रसंग ओढवल्यावर मदत किती दूर असेल, याची कल्पनाच करावी. दाणे भाजून, कूट करून, गुळाबरोबर लाडू वळावेत. द्राक्षे उभी चिरून चार फोडी कराव्यात. दहीभात, उसळ, ओली चटणी असे पाणी सुटणारे पदार्थ मे महिन्याच्या उन्हात तीन-चार तासांपलीकडे डब्यात ठेवू नयेत.

पाण्याबाबत दोन सूचना. आदल्या रात्री चांगले खळखळून उकळलेले पाणी निववून स्टीलच्या बाटल्यांत भरावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे ध्यानात ठेवून ते दोघांत वाटून घ्यावे. सगळ्या बाटल्या एकाच पिशवीत आणि ती पिशवी आजोबांच्या एकाच खांद्यावर, असे नको. वाटेत पाणी संपलेच तर सीलबंद बाटली घ्यावी, तेथे पैशाकडे पाहू नये. स्टँडवरच्या नळाचे पाणी बाळाला पाजून वाचवलेले वीस रुपये पुढे जुलाबाच्या उपचारात कित्येक पटींनी जातात. दुसरी सूचना स्वतः ज्येष्ठांसाठी आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने अनेक आजी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि लघवीस जास्त होते म्हणून रक्तदाबाची गोळीही परस्पर टाळतात. उन्हाळ्यात याची परिणती चक्कर येण्यात, पडण्यात, मूत्रमार्गाच्या संसर्गात होते. गोळीची वेळ बदलायची असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. ती गाळू नये. पाणी थोडे थोडे, पण पीत राहावे.

आता लंगोट आणि डायपर. जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे, धुऊन धुऊन मऊ झालेले कापड बाळाच्या त्वचेला जेवढे मानवते तेवढे दुसरे काही मानवत नाही. घरी व गावी लंगोटच वापरावेत. रात्रीच्या एसटीत, दोन बाजूंना माणसे बसलेली असताना, ओला लंगोट बदलण्याची कसरत करण्यापेक्षा डायपर बांधावा आणि त्याबद्दल मनात अपराधीपणा बाळगू नये. ओल्या लंगोटात तासन्‌तास राहिलेल्या मुलालाही पुरळ उठते. काटकसर म्हणून एकच डायपर रात्रभर ठेवू नये. तीन-चार तासांनी तो बदलावा, शी झाली असल्यास लगेच. वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून बांधावा व कचरापेटी मिळेपर्यंत जवळ ठेवावा. रेल्वेच्या शौचालयात किंवा खिडकीबाहेर तो कदापि टाकू नये. वाइप्सऐवजी सुती कापडाचे वीतभर तुकडे ओले करून डब्यात न्यावेत. तोंड पुसण्याचे तुकडे एका रंगाचे, अंग पुसण्याचे दुसऱ्या रंगाचे असावेत, म्हणजे घाईत गफलत होत नाही. साबणाची वडी मात्र विसरू नये. मळलेल्या हातांवर सॅनिटायझर फारसे काम करत नाही. बाळाची शी काढल्यावर साबण आणि पाणीच हवे.

येथवर जुन्या काटकसरीची बाजू घेतली. पण काही ठिकाणी हीच सवय अंगाशी येते. त्यातले पहिले ठिकाण दूध. सकाळी दूध उकळून, कोमट करून थर्मासमध्ये भरायचे आणि दिवसभर थोडे थोडे पाजायचे, ही पद्धत मी अनेक सुजाण घरांतही पाहतो. कोमट दूध हे जंतूंच्या वाढीसाठी आदर्श ठिकाण आहे आणि थर्मास त्याला तास-दोन तास नव्हे, दिवसभर तसेच कोमट ठेवतो. त्याऐवजी थर्मासमध्ये कडकडीत पाणी न्यावे, दुधाची पावडर कोरड्या डब्यात वेगळी ठेवावी आणि लागेल तेव्हा, लागेल तेवढेच दूध करून, पिण्याजोगे निवल्यावर वाटी-चमच्याने पाजावे. एक वर्षाखालील बाळ वरचे दूध घेत असेल, तर त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलीच पावडर न्यावी. केलेले दूध दोन तासांत संपले नाही तर ते टाकून द्यावे. बाळाने तोंड लावून ठेवलेले दूध पुढच्या वेळेसाठी राखून ठेवू नये. दूध ओतून देताना आजींचा हात थबकतो, हे मला ठाऊक आहे, तरीही ओतावे. अंगावर पिणाऱ्या बाळाची आई बरोबर असेल, तर ही सारी यातायातच वाचते.

दुसरे ठिकाण औषधे. गेल्या वर्षीच्या तापाच्या औषधाची अर्धी बाटली फ्रिजमध्ये असते, मोठ्या भावाचे अँटिबायोटिक उरलेले असते, आणि "वाया कशाला घालवायचे" म्हणून दोन्ही प्रवासाच्या पिशवीत जातात. पॅरासिटामॉलचे पातळ औषध वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते. एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असते, तर दुसरीत त्याच ५ मिलिलिटरला २५०. थेंबांच्या छोट्या बाटलीत तर एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असते. त्यामुळे "एक चमचा" या मापाला काहीच अर्थ उरत नाही. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, तीच बाटली न्यावी आणि तिच्या झाकणाचे मापच वापरावे, स्वयंपाकघरातील चमचा नव्हे. पाणी घालून तयार केलेले अँटिबायोटिक साधारण आठवडाभरच टिकते. त्यानंतर ते औषध राहत नाही.

जुलाबासाठी ओआरएसची पुडी अवश्य न्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. काटकसरीने अर्धी पुडी पेल्यात घालून उरलेली मुडपून ठेवू नये. क्षार-साखरेचे प्रमाण बिघडते. एक लिटरमध्ये पूर्ण पुडी विरघळवावी, चोवीस तासांत वापरावी, उरलेले टाकावे. एवढे लागणार नसेल तर २०० मिलिलिटरची लहान पुडी मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ही पुडी विनामूल्य मिळते, तेव्हा टाकण्याचे दुःखही नको. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. दुकानातील रंगीत खोक्यातून मिळणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याचसाठी. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शीतून रक्त पडले किंवा पाजलेले काहीच पोटात राहीना, तर पुडीवर विसंबून न राहता जवळचे रुग्णालय गाठावे.

तिसरी बाब तिकिटाची. एसटीत ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास विनामूल्य आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. या सवलतींमुळे कितीतरी आजी-आजोबा निवांतपणे घराबाहेर पडू लागले, ही आनंदाची गोष्ट. परंतु वाचलेल्या पैशातला काही भाग त्याच प्रवासावर खर्च करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जागा आधी राखून ठेवावी, भर दुपारची गाडी टाळून पहाटेची घ्यावी. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, म्हणून ते मांडीवर येते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचे अर्धे तिकीट काढले तर त्याला स्वतंत्र बर्थ मिळत नाही, म्हणून तेही आजींच्याच बर्थवर पायाशी झोपते. बारा किलोचे मूल सहा तास मांडीवर घेऊन बसलेल्या, गुडघे झिजलेल्या बाईला पाय हलवता येत नाहीत. घोट्यांना सूज येते, कंबर धरते, आणि गावी पोचल्यावर पहिले चार दिवस अंथरुणात जातात. रात्रीच्या प्रवासात नातवंडासाठी पूर्ण भाडे भरून बर्थ घ्यावा. मुला-सुनेने या खर्चाला नाही म्हणू नये, आणि ज्येष्ठांनी तो त्यांच्यापासून वाचवू नये.

आता आजींच्या पोटाकडे येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या मधुमेही ज्येष्ठांची साखर वाढलेली असते. गोळ्या वेळेवर घेतल्या, गोड खाल्ले नाही, चालणेही होते, असे ते मनापासून सांगतात आणि ते खोटेही नसते. एका आजींना मी दिवसभराचा क्रम बारकाईने विचारला, तेव्हा उलगडा झाला. नातीने अर्धे खाल्लेले बिस्कीट, तळाशी उरलेला रस, शिऱ्याचे दोन घास, आमरसाची अर्धी वाटी, टाकायचे कशाला म्हणून आजी ते सारे संपवीत होत्या. जेवण म्हणून त्यांनी ते मोजलेच नव्हते. दिवसभरात अशा आठ-दहा उष्ट्या घासांची बेरीज एका पंगतीएवढी होते. रक्तदाब असलेल्या आजोबांच्या बाबतीत हेच काम वेफर्स आणि फरसाणाच्या तळाचे मीठ करते. पाकिटे जेवढी जास्त तेवढे उरणारे जास्त, म्हणून खरेदीची यादी लहान करण्याचा फायदा कचरापेटीपेक्षा आधी आपल्या शरीराला होतो.

यावर उपाय वाढण्यात आहे. दोन वर्षांच्या मुलाची भूक आपण समजतो त्याहून लहान असते; पाव दशमी, अर्धे केळे, चार चमचे भात एवढेच एका वेळी द्यावे आणि मागितले तर पुन्हा वाढावे. झाकणाची एक रिकामी डबी जवळ ठेवावी. कोरडे उरलेले, तोंड न लावलेले तिच्यात जाऊन तासाभराने त्याच मुलाच्या उपयोगी पडते. उष्टे आणि ओले असेल ते गावी गुरांपुढे ठेवावे, शहरात ओल्या कचऱ्यात टाकावे. ज्येष्ठांनी स्वतःचा डबा वेगळा बांधावा आणि मुलाला भरवण्याआधी, आपल्या ठरलेल्या वेळी जेवून घ्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी ही वेळ फार महत्त्वाची आहे, कारण मुलाच्या मागे धावताना जेवण लांबले की साखर एकदम खाली येते. घाम सुटला, हात थरथरू लागले तर लगेच खाण्यासाठी साखरेची छोटी पुडी सदऱ्याच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवावी, वरच्या फळीवरच्या बॅगेत नव्हे. इन्सुलिनही सामानाच्या डिकीत टाकू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून, सावलीत, हाताशी असावे. गावाहून परतल्यावर आठवड्याभरात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्यावी, आणि डॉक्टरांना खाण्याचा तपशील सांगताना नातवंडांच्या ताटातले घासही मोजून सांगावेत.