नारळ सागराला, अभय मुशीला

श्रावणी पौर्णिमेला देवगडच्या किनाऱ्यावर दर्याला श्रीफळ अर्पण होते. दर्याराजाने शांत व्हावे, होड्या सांभाळाव्यात, हे त्या दिवशीचे मागणे. परंतु ज्याच्यापाशी अभय मागावयाचे, त्याच्या लेकरांना आपण अभय देतो काय, हा प्रश्न या सणाच्या निमित्ताने विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोकणी माणसाला मुशी ठाऊक आहे ती ताटातली. दर्यातील तिची योग्यता मात्र फारशी कोणी जाणत नाही. बांगडा, तारली हजारो अंडी घालतात. मुशीच्या बहुतेक जाती उशिरा वयात येतात आणि थोडीच पिले प्रसवतात. म्हणून एकदा ओसरलेला त्यांचा वंश सहजी भरून येत नाही. सर्वांत मोठा मासा जो व्हेल शार्क, तो दहा-बारा मीटर लांबीचा असूनही सूक्ष्म जीवांवर व लहान माशांवर जगतो. २००१ साली कायद्याने त्याला संपूर्ण संरक्षण दिले.

तथापि कायद्याला लोकमनाची जोड लागते. गुजरातेत वेरावळच्या किनाऱ्यावर या माशाची शिकार होत असे. २००४ साली मोरारीबापूंनी तेथील कोळीबांधवांना सांगितले की, हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक. त्याला 'व्हाली', म्हणजे लाडकी, हे नाव मिळाले. आणि ज्या हातांनी शिकार केली, त्याच हातांनी जाळी कापून शेकडो व्हाली मुक्त केल्या. धर्मभावनेचे याहून सुंदर रूप कोणते? महाराष्ट्रातही असा संरक्षित जीव सोडताना जाळे कापावे लागल्यास भरपाई देण्याची योजना २०१८ पासून आहे. ती भरपाई विनाविलंब मिळावी, कारण एकट्या गरिबाच्या जाळ्यावर पुण्याचा भार टाकणे न्यायाचे नव्हे.

आता या दर्यात नवा पाहुणा उतरतो आहे: पाठीवर हवेची नळकांडी बांधलेला पाणबुड्या पर्यटक. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. तारकर्लीस पाणबुडीचे रीतसर शिक्षण मिळते. आणि देवगड तालुक्यातील विजयदुर्गापासून पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर, आंग्र्यांचे नाव धारण करणारी 'आंग्रिया बँक' ही प्रवाळभूमी पाण्याखाली पसरली आहे. हे वैभव पाहावयास जाणाऱ्याने देवळात शिरताना पाळतो तीच मर्यादा पाळावी. प्रवाळ हा दगड नसून जीवांची वसाहत आहे. त्यावर पाय ठेवू नये, हात लावू नये. छायाचित्रासाठी माशांना पाव घालू नये. मुशी दिसल्यास तिचा पाठलाग करू नये, वाट अडवू नये. शंख वा प्रवाळाचा तुकडा खूण म्हणून आणू नये. नावाड्यानेही प्रवाळावर नांगर टाकू नये.

यात मच्छीमाराच्या पोटावर पाय देण्याचा हेतू नाही. सर्वच मुशींवर बंदी नाही. परंतु पिले व संरक्षित जाती जिवंत सोडल्या, तर उद्याच्या जाळ्यालाच मासळी मिळेल. मत्स्यावतार मानणाऱ्या समाजाला हे पटवावे लागू नये. यंदा नारळ वाहताना मागण्याबरोबर एक वचनही दर्याला द्यावे, इतकीच आमची वाचकांस विनंती आहे.