सात आश्चर्यं आणि माझी तीन मतं

परवा वडोदऱ्याहून भाचीचा फोन आला. शाळेत प्रश्नमंजुषा आहे, तिची जोरात तयारी चालली आहे. "मावशी, जगातल्या नव्या सात आश्चर्यांत आपला ताजमहाल आहे ना? मग निसर्गाच्या सात आश्चर्यांत भारतातलं एकही कसं नाही?"

प्रश्न रास्त होता. मी मात्र जरा ओशाळले, कारण त्या निवडणुकीत मी मत दिलं होतं. एकदा नव्हे, तीनदा!

तुमच्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत असतील, म्हणून थोडं मागचं सांगते. बर्नार्ड वेबर या स्विस-कॅनेडियन गृहस्थांच्या संस्थेने इंटरनेट आणि फोनवरून मतं घेऊन जगातली नवी सात आश्चर्यं निवडली. ७ जुलै २००७ रोजी लिस्बनमध्ये निकाल लागला आणि ताजमहाल यादीत आला. त्याआधी आपल्याकडे 'ताजला मत द्या' म्हणून किती एसएमएस गेले असतील, त्याची गणतीच नाही. युनेस्कोने मात्र तेव्हाच सांगितलं होतं की या उपक्रमाशी आमचा संबंध नाही. हे मत सगळ्या जगाचं नसून फक्त इंटरनेट हाताशी असलेल्यांचं आहे.

मग पाळी आली निसर्गाची. शेकडो नावांतून गाळत गाळत २००९ मध्ये २८ नावं उरली. त्यांत भारताचं एकच, तेही बांगलादेशाबरोबर वाटून घेतलेलं: सुंदरबन. निकालाची तारीख होती ११-११-११.

तेव्हा आमच्या बेळगावच्या घरी नुकतंच इंटरनेट आलं होतं. एका ईमेल पत्त्यावर एक मत. मी माझ्या, बाबांच्या आणि खास त्यासाठी उघडलेल्या तिसऱ्या पत्त्यावरून मतं दिली. गंमत म्हणजे नुसतं सुंदरबन निवडून चालत नव्हतं, सात नावं द्यावी लागत. उरलेली सहा मी फोटो बघून निवडली. किलिमांजारो हवा की मृत समुद्र, हे ठरवायला मला फार तर दहा सेकंद लागली असतील! फोनवरून तर पैसे मोजून हवी तितकी मतं देता येत होती.

निकालात आली ती नावं अशी: ॲमेझॉनचं जंगल, व्हिएतनामचा हालाँग उपसागर, अर्जेंटिना-ब्राझीलच्या सीमेवरचा इग्वासू धबधबा, दक्षिण कोरियाचं जेजू बेट, इंडोनेशियाचं कोमोडो, फिलिपिन्समधली पोर्तो प्रिन्सेसाची भूमिगत नदी आणि दक्षिण आफ्रिकेतला टेबल माउंटन. जागा सुंदरच आहेत, वाद नाही. पण गालापागोस, ग्रँड कॅन्यन, ग्रेट बॅरियर रीफ मागे पडले. ते काही कमी अद्भुत होते म्हणून नव्हे. कुठे सरकारने जोर लावला, कुठे लोकांनी फोन झिजवले, कुठे कुणी लक्षच दिलं नाही. जेजूच्या सरकारी कचेऱ्यांतून इतके फोन झाले की त्या बिलावरून पुढे तिथे मोठा वाद झाला. मालदीवच्या सरकारने तर वाढत्या खर्चाच्या मागण्यांना कंटाळून २०११ मध्येच अंग काढून घेतलं होतं.

सुंदरबन हरलं. मला दोन दिवस वाईट वाटलं, मग मी विसरून गेले. थेट मे २०२० मध्ये, अम्फान चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा, टीव्हीवर फुटलेले बांध आणि शेतात शिरलेलं खारं पाणी पाहिलं आणि मनात आलं, याच जागेला मी तीन मतं दिली होती. ती देताना तिथे माणसं राहतात, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

भाचीला मी आणखी एका मतदानाची गोष्ट सांगितली. ओडिशात नियमगिरी नावाची डोंगररांग आहे. डोंगरिया कोंध लोक तिथल्या नियमराजाला देव मानतात. त्या डोंगरात बॉक्साइट सापडलं आणि खाणीचा बेत ठरला. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आधी ग्रामसभांना विचारा. त्या पावसाळ्यात बारा गावांत ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा गावांनी 'नाही' म्हटलं. पुढच्या जानेवारीत केंद्र सरकारनेही त्या खाणीला परवानगी नाकारली.

"म्हणजे तो डोंगर जिंकला?" भाचीने विचारलं. जिंकला म्हण. पहिला नंबर आला नाही, पण डोंगर जागेवर राहिला.

आपल्या दाराशीही सह्याद्री आहे. २०१२ मध्ये त्यातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. साताऱ्याजवळचं कास पठार त्यांतलंच. त्यासाठी कुणी आपल्याकडे एसएमएस मागितले नव्हते. पण यादीत नाव आलं म्हणजे काळजी मिटली, असंही नाही. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल, तर निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना यावी लागते. आतल्या पानावरची ती बारीक अक्षरातली चौकट आपण सरळ उलटतो. तिथे मतं मोजत नाहीत, हे खरं. पण तिथल्या माणसाने उभं राहून सांगितलेलं आणि लेखी दिलेलं म्हणणं नोंदवावं लागतं.

भाचीला प्रश्नमंजुषेसाठी सातही नावं पाठ करून घेतली. मार्क कशाला सोडायचे? पण तिला एक गृहपाठही दिलाय. वडोदऱ्यातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी राहतात. त्या नदीबद्दल शेवटची सूचना पेपरात कधी आली होती, ते शोधून मला कळवायचं. मीही इथे मलप्रभेबद्दल शोधणार आहे. तुमच्या गावची नदी कोणती?