सशाच्या पाठीवरचा मजकूर

मराठीच्या एका तासाला मी विद्यार्थ्यांना कवितेऐवजी एक घडीपत्रक वाचायला दिले होते. धानावर फवारायच्या एका कीटकनाशकाच्या खोक्यातून निघालेले, बारीक टायपातले, अनेक घड्यांचे. महाविद्यालय भंडारा जिल्ह्यातले, आणि वर्गातली बरीचशी मुले रोवणीच्या दिवसांत स्वतः बांधीत उतरणारी. पत्रकातले एक वाक्य मी फळ्यावर लिहिले : 'त्वचेशी संपर्क टाळावा.' प्रयोग ओळखा, एवढाच प्रश्न होता. कर्मणी प्रयोग, कर्ता अध्याहृत, असे उत्तर आले. मग मी विचारले, हा अध्याहृत कर्ता कोण? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "रोवणीची बाई. पण सर, पोटरीभर चिखलात उभी असलेली बाई टाळणार कसं?"

व्याकरणाचा तास तिथेच संपला. तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही. त्या वाक्याचा माग काढत गेलो, तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाला एक पांढरा ससा भेटला.

कीटकनाशकाच्या नोंदणीसाठी आपल्याकडे जी विषशास्त्रीय माहिती मागितली जात आली आहे, तीत सशाच्या त्वचेवरील दाहाची चाचणी असते. तिची रीत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांनी आखून दिलेली आहे. सशाच्या पाठीवरचे केस आदल्या दिवशी काढतात. सुमारे सहा चौरस सेंटिमीटर जागेवर अर्धा मिलिलीटर द्रव, किंवा घन पदार्थ असल्यास अर्धा ग्रॅम, ठेवून वर गॉजची पट्टी बांधतात. चार तासांनी पट्टी काढतात, आणि तासाभराने, मग 24, 48 व 72 तासांनी त्या जागेचे निरीक्षण करतात. दाह ओसरतो की नाही हे पाहण्यासाठी 14 दिवसांपर्यंत थांबता येते. ससा पांढरा निवडतात, कारण पांढऱ्या कातडीवर लाली चटकन दिसते. शिवाय तो गरीब असतो आणि सहसा ओरडत नाही. आपल्या बालकथेतला ससा पाठीवर पान पडले तरी आभाळ कोसळल्याची हाकाटी करत रानभर पळतो. प्रयोगशाळेतल्या सशाच्या पाठीवर खरोखर काही पडते, तेव्हा त्याला पळायला जागा नसते.

या चाचणीतून जे हाती येते, ते मुळात भाषेचे काम आहे हे साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे. निरीक्षक सशाच्या पाठीकडे पाहतो आणि लालीला व सुजेला शून्य ते चार असे गुण देतो. एक म्हणजे जेमतेम जाणवणारी लाली, दोन म्हणजे स्पष्ट दिसणारी, तीन म्हणजे मध्यम ते तीव्र. चारची लाली कच्च्या मांसाच्या रंगाची. त्या कोरड्या तक्त्यातली ही बहुधा एकमेव उपमा. 'जेमतेम' कुठे संपते आणि 'स्पष्ट' कुठे सुरू होते, हे ठरवणारा डोळा माणसाचा. 1971 साली वेल आणि स्कॅला या संशोधकांनी वीसहून अधिक प्रयोगशाळांतले निकाल ताडून पाहिले, तेव्हा त्याच पदार्थांची वाचने निरनिराळ्या प्रयोगशाळांत लक्षणीय वेगळी पडल्याचे दिसले. एकाच संहितेचे अनेक अर्थ निघतात, हे आपण वर्गात कौतुकाने सांगतो. इथे ती संहिता एका जिवंत प्राण्याच्या पाठीवर उमटलेली असते, आणि तिच्या अर्थावर दुसऱ्या कुणाच्या तरी कातडीची सुरक्षितता अवलंबून असते.

या चाचणीमागे केवळ क्रौर्य होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1933 च्या सुमारास अमेरिकेत पापण्या रंगवण्याच्या एका प्रसाधनाने स्त्रियांचे डोळे गेले, एकीचा जीवही गेला. त्यानंतर 1938 साली तिथे अन्न, औषधे व प्रसाधनांचा नवा कायदा झाला, आणि 1944 साली जॉन ड्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशावरील चाचणीची गुणपद्धती प्रसिद्ध केली. माणसावर, विशेषतः बाईवर, प्रथम प्रयोग होऊ नये, हा तिचा हेतू होता. तो हेतू मला मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच, की भंडाऱ्याच्या बांधीपर्यंत तो पोहोचला का?

सशाची पाठ कोरडी असते, अखंड असते, आणि पट्टी चार तासांनी निघते. रोवणीच्या बाईचे पाय दिवसभर पाण्यात असतात. आठवड्याभरात तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढुरकी पडते, भेगाळते, तिची राखण करण्याची शक्ती कमी होते. अशा पायांनी ती तणनाशक टाकलेल्या पाण्यात उतरते. पुढे खोडकिड्यासाठी दाणेदार औषध हाताने फेकले जाते, तुडतुड्यांसाठी पाठीवरच्या पंपाने फवारणी होते, आणि निंदणाला पुन्हा बायाच त्या बांधीत जातात. पाठीवरचा पंप गळत असेल तर औषध शर्टातून झिरपते, आणि ओला शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावर राहतो. 'जेमतेम जाणवणारी लाली' हा निष्कर्ष या शरीरांबद्दल फारच थोडे बोलतो.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण तरी बोलतो का? लाल, पिवळा, निळा, हिरवा असे ते चार रंग शेतकऱ्याला पाठ असतात. पण 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार हे रंग ठरतात ते पोटातून किंवा त्वचेतून गेलेल्या किती मात्रेने चाचणीतले निम्मे प्राणी मरतात यावरून. म्हणजे त्रिकोण मरणाविषयी बोलतो. आग, खाज, फोड यांविषयी त्याला काही सांगायचे नसते. ते सांगण्याचे काम घडीपत्रकाकडे, आणि घडीपत्रकात कर्ता अध्याहृत.

वास्तविक आपल्या भाषेला त्वचेच्या दाहाचे ज्ञान नवे नाही. भंडारा-गोंदियाच्या पानझडी जंगलांत बिब्याची झाडे आहेत. बिब्याच्या काळ्या तेलाने धोबी कपड्यांवर खुणा करत, आणि तेच तेल अंगाला लागले की फोड येतात. त्याला आपण 'बिबा उतला' म्हणतो. बिबा सगळ्यांना सारखा उतत नाही, हेही आपल्याकडे सर्वज्ञात आहे. कुणी बिबे फोडून गोडंबी काढण्यात आयुष्य घालवतो, कुणाला नुसत्या स्पर्शाने महिनाभर त्रास होतो. रसायनशास्त्राच्या परिभाषेत दाह वेगळा आणि ॲलर्जी वेगळी. सशाची चार तासांची चाचणी पहिल्याचाच विचार करते. दुसऱ्यासाठी गिनीपिग आणि उंदीर यांच्यावरच्या निराळ्या चाचण्या रूढ झाल्या. 'उतणे' या क्रियापदात मात्र पदार्थ, माणूस आणि त्याची प्रकृती तिन्ही एकत्र येतात. म्हणून लोकज्ञान प्रयोगशाळेपेक्षा श्रेष्ठ ठरते असे मी म्हणणार नाही. कोण, कुणाला, कशाने, हे सांगता येईल अशी भाषा आपल्यापाशी होती, आणि पत्रक लिहिणाऱ्याने ती वापरली नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता सशाकडे परत येऊ. भारताने 2014 साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना बंदी घातली, आणि प्राण्यांवर चाचणी झालेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही. ही चांगली गोष्ट झाली. पण ती बंदी प्रसाधनांपुरती आहे. शेतीच्या रसायनांना ती लागू नाही. ओठांच्या रंगासाठी सशाला सूट मिळाली, धानावरच्या औषधासाठी नाही. खरे तर पर्याय दोन्हीकडे सारखाच उपलब्ध आहे. मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या बाह्यत्वचेच्या तुकड्यावर पदार्थ ठेवून किती पेशी जिवंत राहतात हे मोजण्याची पद्धत 2010 साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांत दाखल झाली. तिथे 'जेमतेम' आणि 'स्पष्ट' यांचा वाद उरत नाही; आकडा उपकरण देते. प्रत्येक पदार्थाला ती पद्धत लागू पडेल असे नाही, पण जिथे पडते तिथे ससा वापरण्याचे समर्थन सवयीखेरीज दुसऱ्या कशाने होऊ शकत नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. जिथे पर्याय आहे तिथे सशावरची चाचणी थांबली पाहिजे, मग पदार्थ ओठांसाठी असो की धानासाठी. आणि आजवर ज्या सशांच्या पाठीवर लाली मोजली गेली, तिचे फळ ज्यांच्यासाठी ती मोजली त्यांच्या हाती पडले पाहिजे. एका जिवाला वेदना देऊन मिळवलेली माहिती जर न वाचता येणाऱ्या टायपात आणि कर्ता नसलेल्या वाक्यात पुरून टाकली, तर ती वेदना दोनदा वाया गेली. जे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत जात नाही ते त्याच्यापुरते सशाच्या शिंगाइतकेच खरे.

यावर कुणी म्हणेल, हा विषय विषशास्त्राचा. मराठीच्या प्राध्यापकाने यात पडू नये. पण 'संपर्क टाळावा' हे वाक्य विषशास्त्राचे नाही, ते मराठीचे आहे. कीटकनाशकांची पत्रके प्रादेशिक भाषेत असावीत असा नियम आहे, आणि तो पाळताना जी भाषा तयार झाली ती आमच्याच विद्यापीठांतून शिकलेल्या कुणीतरी लिहिली असणार. प्रमाण, निर्दोष आणि निरुपयोगी.

त्या तासाच्या शेवटी मी मुलांना ते वाक्य कर्ता घालून पुन्हा लिहायला सांगितले. त्या मुलीच्या वहीत तीन वाक्ये होती : 'हे औषध टाकलेल्या बांधीत उघड्या पायाने उतरू नका. पायाला चिखल्या असतील तर अजिबात उतरू नका. मालकाने गमबूट दिल्याशिवाय रोवणीला जाऊ नका.' तिसऱ्या वाक्याला शुद्धलेखनाचे गुण देता येतात. ते पत्रकावर छापायला कोण तयार होईल, हे मात्र मला सांगता आले नाही.