गोधडीत जागे असलेले मूल
घरात बाईला मार बसतो तेव्हा आपण तिच्या जखमा मोजतो. गोधडीत जागे असलेले मूल विसरतो. ते झोपेत दचकते, शाळेत गप्प होते, नाहीतर मारकुटे बनते. भांडणाला आपणच कारण, असे समजते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. असे काम करणारी समाजसेविका आधी आईला सुरक्षित करते, मग मुलाला सांगते : यात तुझी चूक नाही. २००५ च्या कायद्याने मुलांचा तात्पुरता ताबाही आईला मिळू शकतो. पत्नी दासी नव्हे, मैत्रीण असावी, हे बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. तरी जयभीम म्हणणारे आपण 'घरचा मामला' म्हणून दार लावून घेतो. ते दार आधी उघडू या.